विद्यापीठातील छळ, भेदभाव आणि कळवण्याचे बंधन

दरवर्षी स्मरणिकेसाठी लेख मागितला की आम्ही शिष्यवृत्त्यांची माहिती लिहून देतो. कोणता अर्ज कोठे मिळतो, उत्पन्नाचा दाखला कोणाच्या सहीचा लागतो, जातवैधता प्रमाणपत्रासाठी किती आधी धावपळ सुरू करावी, हे लिहून लिहून आमचा हात बसला आहे. या वर्षी संपादक मंडळाची परवानगी घेऊन विषय बदलला आहे. कारण घडले ते असे.

आमची पुतणी अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरीस आहे. मध्यंतरी एका रविवारी तिचा फोन आला. ख्यालीखुशाली झाल्यावर म्हणाली, "काका, परवा कामावर मला तासभर शिकायला बसवलं होतं. कॉम्प्युटरसमोरच, पण बसावं लागतंच. कोणा विद्यार्थ्यानं माझ्याकडे येऊन छळाची गोष्ट सांगितली तर मी काय करायचं, ते शिकवतात."

आम्ही म्हणालो, "अगं, तू पुस्तकं देणार-घेणार. तुझ्याकडे असलं सांगायला कोण येईल?"

"काका, तुम्ही तर एवढी वर्षं कचेरीच्या खिडकीत बसलात. तुमच्याकडे कोणी येत नव्हतं का?"

या प्रश्नाला आम्ही फोनवर उत्तर दिले नाही. ते उत्तर या लेखात पुढे आहे. त्याआधी हे शिक्षण म्हणजे काय, ते तेथे कशामुळे आले आणि आपल्या मुलामुलींशी त्याचा काय संबंध, हे जेवढे आम्हांस समजले तेवढे सांगतो.

कॅलिफोर्निया राज्याचा कायदा असा आहे की, पाच किंवा त्याहून अधिक माणसे कामावर ठेवणाऱ्या प्रत्येकाने आपल्या नोकरांना लैंगिक छळ कसा ओळखावा व कसा रोखावा याचे शिक्षण दर दोन वर्षांनी दिलेच पाहिजे. हाताखाली माणसे असलेल्यांना दोन तास, इतरांना एक तास. नवा माणूस लागला तर सहा महिन्यांच्या आत. विद्यापीठे यात आपल्याकडची आणखी एक गोष्ट घालतात. ती म्हणजे कळवण्याचे बंधन. एखाद्या विद्यार्थ्याचा छळ झाला किंवा त्याच्याशी भेदभाव झाला असे नोकराच्या कानावर आले, तर त्याने ते ठरलेल्या अधिकाऱ्यास कळवलेच पाहिजे. आपणहून मनात ठेवण्याची मुभा त्याला नाही. अशा नोकरास तेथे 'मॅन्डेटरी रिपोर्टर' म्हणतात. प्राध्यापक, विभागप्रमुख, खेळाचे प्रशिक्षक, कचेरीतील माणसे, काही ठिकाणी वसतिगृहात देखरेख करणारे विद्यार्थीसुद्धा या बंधनात येतात. यातून वगळलेले थोडेच असतात. मानसिक सल्ला देणारे समुपदेशक, दवाखान्यातील डॉक्टर, धर्मोपदेशक आणि अत्याचारग्रस्तांना मदत करण्यासाठी मुद्दाम नेमलेली माणसे यांच्यापाशी बोललेले गुप्त राहते.

हे सगळे सद्भावनेतून उगवले असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांना वंश, वर्ण आणि मूळ देश यांवरून भेदभाव करण्यास बंदी केली. १९७२ च्या शिक्षणविषयक कायद्यातील नवव्या प्रकरणाने, ज्याला तेथे सर्वजण 'टायटल नाईन' म्हणून ओळखतात, स्त्री-पुरुष भेदावरून होणाऱ्या भेदभावास तशीच बंदी केली. कायदा झाला, पण संस्थेला जबाबदार धरायचे केव्हा? १९९८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे टेक्सासमधील एका शाळकरी मुलीचे प्रकरण आले. न्यायालयाने म्हटले की, ज्याच्या हाती काही करण्याचा अधिकार आहे अशा माणसाला गोष्ट खरोखर माहीत असूनही त्याने जाणूनबुजून दुर्लक्ष केले, तरच संस्थेकडून नुकसानभरपाई मागता येईल. वाचकहो, कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाला यातली मेख लगेच कळेल. 'माहीत असणे' हाच जर गुन्ह्याचा आधार, तर वरच्या साहेबाला काही माहीत न होऊ देणे हीच संस्थेची सोय! त्यामुळे शिक्षण खात्याने २००१ च्या मार्गदर्शनात 'जबाबदार नोकर' ही कल्पना पुढे ठेवली. विद्यार्थ्याला ज्या नोकराकडे पाहून 'हा काहीतरी करू शकेल' असे वाटणे साहजिक आहे, त्याच्या कानावर आले म्हणजे संस्थेच्या कानावर आले, असा तिचा अर्थ. केंद्राचे नियम त्यानंतर पुढेमागे होत राहिले. २०२० मध्ये ते आखडले, २०२४ मध्ये रुंदावले आणि ९ जानेवारी २०२५ रोजी केंटकीतील एका संघीय न्यायालयाने २०२४ चे नियम रद्द ठरवले. परंतु अनेक विद्यापीठांनी व काही राज्यांनी आपल्या पातळीवर बंधन कायम ठेवले आहे. टेक्सास राज्याने २०१९ मध्ये केलेला कायदा तर एवढा कडक आहे की, लैंगिक छळाची गोष्ट कळूनही मुद्दाम न कळवणाऱ्या विद्यापीठ-नोकरावर फौजदारी गुन्हा होतो आणि त्याची नोकरीही जाते.

इतकी कडक पावले उचलण्यामागे काही भयंकर प्रकरणे आहेत. त्यांतले एक मिशिगन स्टेट विद्यापीठातले. तेथील एका क्रीडावैद्याने उपचाराच्या नावाखाली वर्षानुवर्षे खेळाडू मुलींवर लैंगिक अत्याचार केले. जानेवारी २०१८ मध्ये त्याच्या शिक्षेच्या सुनावणीत दीडशेहून अधिक मुली व स्त्रिया न्यायालयात उभ्या राहून बोलल्या. विद्यापीठाने त्याच वर्षी ५० कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. यातली आमच्या मनाला लागलेली गोष्ट पैशाची नाही. एका मुलीने पुढे सांगितले की, आपण १९९७ सालीच प्रशिक्षिकेच्या कानावर हे घातले होते. म्हणजे एकवीस वर्षे! मुलगी बोलली नव्हती असे नाही. बोलली होती, पण ते बोलणे जिथे पोहोचायला हवे होते तिथे पोहोचले नाही.

आता शिकवतात काय ते पाहू. पुतणीने आम्हांला समजावून सांगितले त्यात आम्हांला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट ही की, नोकराचे काम तो बोलू लागल्यावर सुरू होत नाही, त्याच्या आधी सुरू होते. विद्यार्थी दारात घुटमळतो, "मॅडम, एक सांगायचं होतं, पण कोणाला सांगू नका," असे म्हणतो. त्या क्षणी आपण सारे सवयीने काय म्हणतो? "सांग ना, माझ्यापाशीच राहील." हेच नेमके म्हणायचे नाही. त्याला थांबवून सांगायचे की, "मला तुझं ऐकायचं आहे, पण काही गोष्टी मला कळल्या तर त्या मला अधिकाऱ्यांना कळवाव्या लागतात. तुला आधी गुप्त ठेवणाऱ्या माणसाशी बोलायचं असेल तर मी तुला तिथं घेऊन जाते." हे ऐकून विद्यार्थी गप्प झाला तर होऊ द्यायचे. दबाव आणायचा नाही. बोलला तर ऐकायचे. "तू तिथं गेलीसच का?", "तू त्याला आधी का नाही सांगितलंस?" असले प्रश्न विचारायचे नाहीत. खरे-खोटे करायचे नाही. ज्याच्यावर आरोप आहे त्याला बोलावून समज द्यायची नाही, मग तो कितीही ओळखीचा असो. शेजारच्या टेबलावर त्याची चर्चा करायची नाही. जे ऐकले ते, कोण, केव्हा, कोठे, आणखी कोण हजर होते, एवढे जसेच्या तसे लिहून समन्वयकाकडे शक्य तितक्या लवकर पाठवायचे. चौकशी करणारे वेगळे, निकाल देणारे वेगळे, आणि मध्ये बसलेल्या नोकराचे काम निरोप पोहोचवण्याचे.

आणखी एक बारकावा. नोकराने कळवले म्हणजे विद्यार्थ्याची तक्रार दाखल झाली असे नव्हे. समन्वयक त्या विद्यार्थ्याशी संपर्क साधतो, त्याच्यापुढे कोणते मार्ग आहेत ते सांगतो, वर्ग बदलणे, खोली बदलणे, परीक्षेची तारीख पुढे नेणे अशी मदत देऊ करतो. विद्यार्थी उत्तरच देणार नाही असे म्हणाला तर बहुतेक वेळा प्रकरण तिथे थांबते. इतरांना धोका असेल तेव्हा मात्र संस्थेस पुढे जावे लागते. आणि तक्रार केली किंवा कळवले म्हणून कोणाचा सूड उगवणे हा वेगळा गुन्हा मानला जातो. कागदावर तरी.

आता पुतणीच्या प्रश्नाचे उत्तर. ते वर्ष १९९४ चे. आम्ही एका महाविद्यालयात हेडक्लार्क होतो. शिष्यवृत्तीच्या खिडकीवर त्या दिवशी आम्हीच बसलो होतो, कारण नेहमीचा लिपिक रजेवर होता. दुपारी गर्दी ओसरल्यावर आपल्याच समाजातील एक मुलगी आली. खेड्यातली, प्रथम वर्ष कला. तिला वसतिगृहातली जागा सोडण्याचा अर्ज हवा होता. टर्म संपायला तीन महिने होते, भरलेले पैसे परत मिळणार नव्हते, म्हणून आम्ही कारण विचारले. आधी ती म्हणाली घरी अडचण आहे. मग डोळे भरून आले. खोलीतल्या मुलींनी पाण्याच्या माठाला हात लावू नको असे बजावले होते. मेसमध्ये तिच्या ताटाला खालून खूण केली होती. रेक्टरबाईंना सांगितले तर त्या म्हणाल्या, मुलींमुलींची भांडणे आहेत, मिटतील.

आम्ही तिला म्हणालो, "बाळ, आपण शिकायला आलो आहोत. दुर्लक्ष करायचं."

अर्ज दिला. तिने भरला. त्यावर कारण लिहिले, 'घरगुती अडचण'. तो आम्हीच आवक नोंदवहीत चढवला. पुढे वर्षभर ती एस.टी.ने जाऊन-येऊन करीत होती. दुसऱ्या वर्षी तिचे नाव पटावर नव्हते.

प्राचार्यांच्या खोलीचे दार आमच्या टेबलापासून पंधरा पावलांवर होते. आम्ही का उठलो नाही? भीती होती हे खरे, पण नोकरी जाण्याची नव्हती. भीती ही होती की 'जातीचा माणूस जातीचे घेऊन आला' असे म्हणतील. उद्या एखाद्या सवर्ण मुलाच्या फायलीला उशीर झाला तर तेच तोंडावर फेकतील. त्या काळी कचेरीत आपली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. जो तो आपली पायरी सांभाळून. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठातून शिकून बडोद्यास नोकरीस गेले तेव्हा शिपाई त्यांच्या टेबलावर दुरून फायली टाकीत, हे आपण सर्वांनी चरित्रांत वाचले आहे. ते पाहणारी माणसे कचेरीत काही कमी नसतील. पण पाहिलेले वर कळवणे हे कोणाचे कामच नव्हते. आमच्या कचेरीतही नव्हते.

म्हणून हे 'बंधन' ऐकले तेव्हा आम्हांला ते ओझे वाटले नाही. आम्हांला वाटले, हे हवे होते. बंधन असते तर आम्ही प्राचार्यांपुढे कागद ठेवून म्हणालो असतो, "साहेब, माझं काही म्हणणं नाही. नियम आहे. कानावर आलं ते लेखी देतो आहे." लहान नोकराच्या पाठीशी नियम उभा राहिला की, त्याचे कळवणे हे धाडस राहत नाही, चाडी राहत नाही आणि जातीचा अभिमानही राहत नाही. ते त्याच्या रोजच्या कामाचा भाग होते. शिक्षणात हा मुद्दा कोणी सांगत असेल की नाही आम्हांस ठाऊक नाही, पण आमच्या लेखी तोच मुख्य आहे.

आता जातीकडे वळू. अमेरिकेतील विद्यापीठांत आपली मुले पूर्वीही होती, परंतु राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीसारख्या योजनांमुळे अनुसूचित जाती व नवबौद्ध घरांतील मुलामुलींना परदेशाची वाट खुली झाली. जात समुद्र ओलांडून येत नाही असे मानणारे पुष्कळ. तिकडच्या विद्यार्थ्यांनी मात्र आवाज उठवला आणि डिसेंबर २०१९ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील ब्रँडाइस विद्यापीठाने आपल्या भेदभावविरोधी धोरणात 'जात' हा शब्द घातला. अमेरिकेतले हे पहिले. २०२१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेने तेच केले. जानेवारी २०२२ पासून कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने केले आणि याला महत्त्व मोठे, कारण त्या वेळी तिची २३ आवारे होती आणि विद्यार्थी साडेचार लाखांहून अधिक. तिच्या धोरणात वंश या शब्दापुढे कंसात वर्ण आणि पूर्वजपरंपरा यांच्या जोडीने जात आली. त्याच विद्यापीठातील भारतीय वंशाच्या दोन प्राध्यापकांनी याविरुद्ध २०२२ मध्ये न्यायालयात धाव घेतली, पण त्यांना दाद मिळाली नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने तसा नियम केला. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेल्या विधेयकास मात्र राज्यपालांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये नकार दिला. अस्तित्वात असलेल्या कायद्यांत जातभेद आधीच मना आहे, म्हणून वेगळा कायदा नको, असे त्यांचे म्हणणे.

शब्द धोरणात आला. पण तो शब्द बोलणारे विद्यार्थी किती? आपला मुलगा तिथल्या कर्मचाऱ्याकडे जाऊन "माझ्यावर जातिभेद झाला" असे क्वचितच म्हणेल. तो म्हणेल, "माझे रूममेट आता माझ्याबरोबर स्वयंपाक करत नाहीत." किंवा, "त्यांनी माझं पूर्ण आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग वडील काय करतात ते विचारलं, आणि त्या दिवसापासून मला पार्टीला बोलावत नाहीत." किंवा, "प्रयोगशाळेत एकानं हसत विचारलं, तू कोट्यातून आलास का?" अमेरिकन माणसाला यातले काय कळावे? काळ्या-गोऱ्यांचा भेद त्याच्या डोळ्यांना दिसतो, हा भेद त्याच्या डोळ्यांना दिसतच नाही. दोघेही त्याच्या दृष्टीने भारतीय. तो म्हणेल, खोली बदलून देऊ. आमच्या रेक्टरबाईही तेच म्हणाल्या असत्या. फरक एवढाच की बाईंना सर्व कळत होते.

म्हणून ज्या विद्यापीठाच्या धोरणात जात आहे, तिथल्या शिक्षणात आडनाव विचारणे, खाण्यावरून पारख करणे, गळ्यात जानवे आहे का हे पाठीवर थाप मारून चाचपणे, आरक्षणावरून टोमणे मारणे, ही उदाहरणे असायलाच हवीत. नाहीतर कानाने ऐकले तरी कळवण्यासारखे काही ऐकले असे त्याला वाटणारच नाही. आमची पुतणी ते ओळखेल, कारण ती आपल्या घरातली. सगळ्या ग्रंथालयांत आपल्या पुतण्या नसतात.

या पद्धतीला विरोध नाही असे नाही, आणि विरोध करणारे सारेच छळ करणाऱ्यांच्या बाजूचे आहेत असेही नाही. प्राध्यापकांच्या अमेरिकन संघटनेने २०१६ च्या अहवालात टायटल नाईनच्या नावाने चाललेल्या अतिरेकावर टीका केली. सरसकट सर्वांना बंधनात घातले तर विद्यार्थ्याला विश्वासाने बोलायला माणूसच उरत नाही, असा या विरोधकांचा मुद्दा. पीडित मुलीच्या हातून एकदा तिच्या इच्छेविरुद्ध सूत्रे गेली, आता तिची गोष्ट कोणाला कळावी हेही तिने ठरवायचे नाही का, असे ते विचारतात. ऑरेगॉन विद्यापीठाने २०१७ मध्ये म्हणून निराळी वाट धरली. तेथे मोजक्या अधिकाऱ्यांवर कळवण्याचे बंधन ठेवले आणि बहुतेक प्राध्यापक व कर्मचाऱ्यांनी विद्यार्थ्याच्या इच्छेप्रमाणे वागावे असे ठरवले. त्यांनी विद्यार्थ्याला माहिती द्यायची, पण तो म्हणेल तरच कळवायचे.

हा आक्षेप आपल्या मुलांच्या बाबतीत तर दुप्पट खरा आहे. लैंगिक छळ झालेली मुलगी ती गोष्ट लपवत असते. जातीवरून छळ झालेला मुलगा पुष्कळदा जातच लपवत असतो. परक्या देशात चार भारतीय एका घरात राहतात, भाडे वाटून घेतात. तिथे आडनाव आखडून सांगणारी मुले आम्हांला माहीत आहेत. आम्ही त्यांना नावे ठेवत नाही. अशा मुलाने एका प्राध्यापकापाशी मन मोकळे केले, प्राध्यापकाने नियमाप्रमाणे कळवले, चौकशी झाली, घरातल्या चौघांना बोलावले. निकाल काहीही लागो, त्या मुलाची जात त्या शहरातील प्रत्येक मराठी घरात पोहोचली. नोकरी लावून देणारे, विमानतळावर घ्यायला येणारे, दुखलेखुपले पाहणारे लोक तेच असतात. ज्याने कळवले त्याच्या हे ध्यानीही येणार नाही.

मग कोणती बाजू घ्यावी? आम्ही बंधनाच्या बाजूचे आहोत, पण ते आधी सांगून पाळले जात असेल तरच. ऐकून घेऊन नंतर "आता मला कळवावं लागेल" असे म्हणणे हा विश्वासघात आहे. परदेशी जाणाऱ्या मुलामुलींना आम्ही आता कागदपत्रांच्या यादीबरोबर एक गोष्ट तोंडी सांगतो. तिथे कोणाशीही अशा विषयावर बोलण्याआधी सरळ विचारा, "तुमच्यावर कळवण्याचे बंधन आहे का?" असा प्रश्न विचारणे तिथे उद्धटपणा समजला जात नाही. गुप्त ठेवणारा समुपदेशक कोण, तो कोठे बसतो, हे पहिल्या आठवड्यातच पाहून ठेवा, गरज पडल्यावर शोधू नका. काय घडले ते त्याच दिवशी तारखेसह वहीत लिहा, मराठीत लिहिले तरी चालेल. मोबाईलवरचे निरोप रागाने पुसून टाकू नका. आणि घरी कळवा. घरचे काळजी करतील म्हणून गप्प बसणारी मुले आम्ही पाहिली आहेत.

आपल्याकडे काय? कायदे नाहीत असे म्हणण्याची सोय नाही. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा आहे. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची आणि सकृद्दर्शनी तथ्य दिसले तर तक्रार पोलिसांकडे पाठवायची. प्रमुखाने हे टाळले तर त्याने गुन्ह्यास साहाय्य केले असे मानले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये देशभर रॅगिंगविरोधी नियम केले व २०१६ च्या दुरुस्तीने जातीवरून होणारा छळही रॅगिंगच्या व्याख्येत आणला. २०१२ च्या समतेविषयीच्या नियमावलीत प्रत्येक संस्थेत भेदभावविरोधी अधिकारी नेमण्यास सांगितले आहे. वर्गात जात जाहीर करणे, मेसमध्ये वा वसतिगृहात वेगळे बसवणे यांस तिच्यात मनाई आहे. लैंगिक छळासाठी २०१३ चा कायदा आणि २०१५ चे आयोगाचे नियम आहेत. आणि अठरा वर्षांखालील मुलांबाबत २०१२ चा पोक्सो कायदा तर प्रत्येकावर बंधन घालतो. अकरावी-बारावीची मुले ज्या आवारात शिकतात त्या आवारातील शिपायापासून प्राचार्यांपर्यंत ज्याला लैंगिक अत्याचार कळला त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्यापैकी जे कनिष्ठ महाविद्यालयांत नोकरीस आहेत त्यांनी हे नीट ध्यानात घ्यावे. किती जणांना हे कोणी समोर बसवून सांगितले आहे?

फरक पाहा. पोक्सो आणि आयोगाचे रॅगिंगविरोधी नियम सोडले तर आपल्याकडचे बंधन बहुतांशी प्रमुखावर आहे आणि तेही तक्रार आल्यावर. खिडकीत बसलेल्या लिपिकावर नाही, रेक्टरवर नाही, प्रयोगशाळेतल्या सहायकावर नाही. आणि गोष्ट पहिल्यांदा येते ती याच माणसांकडे. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. तिच्या आईचे म्हणणे आहे की, आपण आधीच रुग्णालयातील लोकांच्या कानावर छळाची गोष्ट घातली होती. खटला न्यायालयापुढे गेला, त्यावर आम्ही बोलत नाही. या दोन मातांनी, राधिका वेमुला व आबेदा तडवी यांनी, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, की २०१२ ची नियमावली कागदावरच आहे, ती अमलात आणा. त्या याचिकेनंतर आयोगाने जानेवारी २०२६ मध्ये नवी नियमावली जाहीर केली. तिच्याविरुद्ध निदर्शने झाली आणि २९ जानेवारी २०२६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती देऊन २०१२ चीच नियमावली चालू ठेवण्यास सांगितले. म्हणजे मातांनी जी कागदावर राहिली म्हणून तक्रार केली, तीच.

शिक्षणाने सर्व सुधारते असा आमचा भ्रम नाही. पुतणीच सांगते की, तिच्याबरोबरचे काहीजण चहा पीत पीत बटणे दाबून तास भरतात आणि प्रमाणपत्र छापून घेतात. प्रश्नही असे की कोणालाही उत्तर यावे. संस्थेलाही पुष्कळदा फक्त एवढेच हवे असते, की उद्या खटला झाला तर 'आम्ही सर्वांना शिकवले होते' असा कागद दाखवता यावा. आपल्याकडेही फलकावर समितीची नावे असतात आणि त्यांतले दोघे केव्हाच निवृत्त झालेले असतात. पण कागद मुळीच नसणे आणि कागद असणे यांत फरक आहे. त्या १९९४ च्या दुपारी आमच्या टेबलावर असा एखादा छापील फॉर्म असता, तर 'घरगुती अडचण' लिहिलेला अर्ज आम्ही नुसता नोंदवून ठेवला नसता.

पुतणीला आम्ही ही सारी हकिकत पुढच्या रविवारी सांगितली. ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली की, तिलाही गेल्या वर्षी एकदा कळवावे लागले. कोणाविषयी, कशाविषयी, ते तिने सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. एवढेच म्हणाली, "काका, सगळं लिहून पाठवलं. दुसऱ्या दिवशी 'मिळालं' असं उत्तर आलं. पुढं काय झालं ते आम्हांला कळवत नाहीत. ती मुलगी मात्र अजून पुस्तकं न्यायला येते."